दरडोई तीन वाक्यं

आमच्या घरात ठराव झाल्याशिवाय काही होत नाही. नवा मिक्सर घ्यायचा असला तरी आधी विषयपत्रिका निघते. याला कारण आमचे हे. गणपतरावांनी मुरगूडच्या एका दूध संस्थेत एकतीस वर्षं सचिवाचं काम केलं. निवृत्त होऊन आम्ही कोल्हापुरात कळंब्याला घर बांधलं त्याला सहा वर्षं झाली, पण संस्था काही ह्यांच्या अंगातून उतरलेली नाही. आमची मुलगी स्वप्नाली म्हणते, कोरम पुरा झाल्याशिवाय पप्पांना झोपसुद्धा लागत नाही. त्यामुळे धाकटा सम्राट व्हिएतनामची मुलगी करतोय हे कळल्यावर हे रडले नाहीत की ओरडले नाहीत. ह्यांनी बैठक बोलावली.

सम्राट इंजिनिअर आहे. आजऱ्याच्या एका काजू कारखान्याला काजू फोडायची यंत्रं हवी होती, ती बघायला म्हणून तो तीन वर्षांपूर्वी व्हिएतनामला गेला. यंत्रं आली, सम्राट तिथंच राहिला. यंत्राच्या कंपनीतच नोकरी लागली म्हणाला. त्या नोकरीचं नाव लिन आहे, हे आम्हाला दीड वर्षानं कळलं. व्हिडिओवर पोरगी बघितली. हसरी होती, आणि बोलताना सम्राटच्या तोंडाकडे न बघता आमच्याकडे बघत होती, तेवढ्यावरच मी हो म्हटलं. ह्यांनी "सर्वानुमते" म्हटलं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

लग्न दिवाळीनंतर कोल्हापुरातच करायचं ठरलं. पण त्याआधी त्यांच्या रीतीप्रमाणे मुलाकडच्या मंडळींनी मुलीच्या घरी जाऊन मागणी घालायची असते. जाताना लाल कापडानं झाकलेली तबकं न्यायची, आणि त्यातल्या एका तबकात पानं आणि सुपारी हवीच. हे ऐकल्यावर ह्यांचा जीव भांड्यात पडला.

"म्हंजे आपली सुपारी फोडायचीच की ही! उगंच लोकं परदेस परदेस करत्यात."

आता माझ्या मनात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढच्या भांडणाचं कारण कळेल. माझं माहेर संकेश्वराच्या पलीकडचं, घरात सगळं कानडी. एकोणिसाव्या वर्षी मुरगुडात सून म्हणून आले तेव्हा 'व्हय' आणि 'पाणी' एवढंच मराठी मला येत होतं. लग्न इकडेच झालं. दुपारी बायकांची पंगत बसली, त्यात माझी अव्वा, म्हणजे आई, बसली होती. सासूबाईंनी तिला एकदा वाढलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा अव्वानं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "होट्टी तुंबेत्री." पोट भरलंय. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता, हे मला माहीत होतं. लेकीला परक्या घरी सोडून निघालेल्या बाईच्या घशाखाली घास उतरतो होय? कुणीतरी तिचा हात बाजूला सारून "आवो घ्या की" म्हणत वाढायला हवं होतं. आमच्या कोल्हापूर भागात तर दुष्मनालासुद्धा तसं वाढतात. पण सासूबाईंना कानडी येईना. त्यांना वाटलं, बाईला आमचं जेवण आवडलं नाही. त्या पुढच्या पानाकडे गेल्या. अव्वा तशीच उठली आणि उपाशी गावाला गेली.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण ते ताट मी चाळीस वर्षांत विसरलेले नाही. आणि आता सासू मी होणार होते, आणि समोर लिनची आई असणार होती. तिचा नवरा मागेच गेलेला, एकुलती एक लेक, आणि ती लेक कुठल्या तरी कोल्हापूर नावाच्या गावाला द्यायची. त्या बाईचा जीव कसा होत असेल ते मला कुणी सांगायला नको होतं. म्हणून मी सम्राटला फोन करून सांगितलं, "मला एक वाक्य शिकव. 'निर्धास्त ऱ्हावा, लिन आता माझी बी लेक हाय.' बास. दुसरं कायबी नको."

"आई, मी असणारच की तिथं. मी सांगेन त्यांना."

"तुझ्या तोंडनं सांगून काय उपेग? उद्या तूच तिच्याशी भांडशील. माझ्या तोंडनं जायला पायजे."

पोरगं हुशार. त्यानं विचार केला, आईबरोबर बाकीच्यांनीही चार शब्द शिकले तर लिनकडच्यांना बरं वाटेल. त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अठरा वाक्यांची यादी टाकली. प्रत्येक वाक्याचा अर्थ, मराठीत उच्चार, आणि लिनच्या आवाजात एकेक ध्वनिफीत. पहिलं वाक्य होतं नमस्काराचं, सिन चाओ. अठरावं माझं होतं: ची येन ताम, लिन कूंग ला कॉन गाय तोय. फक्त ते माझं आहे असं लिहायचं तो विसरला.

रविवारी आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. जाणारी माणसं सहा. आम्ही दोघं, स्वप्नाली, मुरगूडहून माझे धाकटे दीर आकाराम भावजी आणि जाऊबाई, आणि वारणानगरहून नणंदेचे यजमान उदयसिंह दाजी. नणंदेचे गुडघे विमानात मावणारे नव्हते म्हणून दाजी एकटेच येणार होते. ह्यांनी चष्मा लावला, यादी हातात घेतली आणि उभे राहिले. घरात उभं राहून बोलायची ह्यांना सवय आहे.

"वाक्यं अठरा. सभासद सहा. दरडोई तीन. विषय संपला."

स्वप्नाली चहाचे कप ठेवत होती, ती थबकली. "पप्पा, भाषा म्हंजे काय पेंड हाय व्हय, वाटून घ्यायला? सगळ्यांनी सगळी वाक्यं पाठ करायची असत्यात."

"अठरा वाक्यांचा भार एकेकट्यानं उचलायचा? मग सहकार कशाला काढला आपण?"

"अनुमोदन," दाजी म्हणाले. ते साखर कारखान्यात होते. समोर कुणीही काहीही मांडलं की त्यांच्या तोंडून हा शब्द आपोआप बाहेर पडतो.

"आणि एकादा तितं हरवला तर?" मी विचारलं. "त्याच्या वाट्याला 'फार छान' एवढंच आलं असलं, तर काय 'फार छान, फार छान' म्हणत हिंडायचं?"

"हरवायचं न्हाय. कोरम सोडून कुणी कुटं जायचंच न्हाय."

मी म्हटलं, ते काय वाटायचं ते वाटा, पण अठरावं माझं हाय, ते मी सम्राटकडून मागून घेतलंय. ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. असं बघून ह्यांनी मोठमोठ्या डेअरीवाल्यांना गप्प बसवलंय.

"यादीत आलं म्हंजे ते संस्थेचं झालं. चिठ्ठ्या टाकायच्या. नात्यागोत्याचा कारभार माझ्याकडं चालत न्हाय."

नात्यागोत्याचा कारभार म्हणे! पोरगा माझा, सून माझी, विहीण माझी, आणि कारभार नात्याचा नको. पण चिठ्ठ्या पडल्याच. तत्पूर्वी ह्यांनी 'नमस्कार' अध्यक्षांच्या अधिकारात स्वतःकडे ठेवून घेतला, तो बिनविरोध. उरलेल्या सतरा चिठ्ठ्या स्वप्नालीनं शेवेच्या डब्यात हलवल्या आणि डबा फिरला.

चिठ्ठ्यांनी त्या दिवशी आमची चेष्टाच करायची ठरवलं होतं. जाऊबाईंना आलं, 'जेवण फार चविष्ट झालंय.' ह्या बाईनं तीस वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याच पदार्थाला बरं म्हटलेलं नाही. उदयसिंह दाजींना आलं, 'मी फक्त शाकाहारी जेवतो.' दाजींच्या घरी श्रावण सोडला तर बुधवार, शुक्रवार, रविवार मटण असतं, आणि श्रावणात ते स्वतः घरी नसतात. चिठ्ठी वाचून ते मटकन खुर्चीत बसले.

"हे वाक्य यादीत घातलं कुणी?"

"पावणं, आलंय ते गोड मानून घ्या," हे म्हणाले.

"त्यातलं गोड काय हाय, सांगा की."

माझ्या हातात तीन चिठ्ठ्या आल्या. 'माफ करा.' 'संडास कुठं आहे?' आणि 'पोट भरलं आता.' मी तिन्ही उलट्यासुलट्या करून बघितल्या. जन्मात मी कुणाची माफी मागितली नाही, संडास कुठं आहे हे मी चारचौघांत विचारणार नाही, आणि पोट भरलं हे तर मला कुणाच्याच तोंडून ऐकवत नाही. मग अठरावं गेलं कुठं?

ते आकाराम भावजींकडे गेलं होतं. भावजी चिठ्ठी दोन्ही हातांत धरून मनातल्या मनात वाचत होते, ओठ हलत होते, आणि डोळे भरून आले होते.

मी रागानं स्वयंपाकघरात गेले आणि भांडी जरा मोठ्यानं घासली.

तसे भावजी साधे आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून सौदा टाकला. अठरावं मला द्या, त्याच्या बदल्यात 'माफ करा' घ्या, वर पाच किलोची लोणच्याची बरणी. मागे त्यांच्या म्हशीचं रेकणं ऐकू येत होतं.

"वैनी, मागनं कायबी मागा. ह्ये वाक्य मागू नका."

"आवो, पण तुमाला काय करायचंय त्येचं?"

"अठ्ठावीस वर्सं यष्टीत कंडक्टरकी केली. अठ्ठावीस वर्सं माझ्या तोंडात एकच वाक्य. 'पुढं सरका, पुढं सरका.' रिटायर झालो तर घरात बी त्येच तोंडात येतंय. आता आयुष्यात पयल्यांदा एक चांगलं वाक्य वाट्याला आलंय, वैनी. ते बी चिठ्ठीनं आलंय, कुणाच्या मेहेरबानीनं न्हाय."

मी फोन ठेवला. राग गेला नाही, पण शिवी द्यायला जागा उरली नाही. जाऊबाईंकडून कळलं की भावजी रोज पहाटे गोठ्यात म्हशीसमोर उभे राहून 'ची येन ताम' म्हणतात, आणि म्हैस चारा सोडून त्यांच्याकडे बघत राहते.

मीही स्वस्थ बसले नाही. यादी संस्थेची असेल, कान माझे आहेत. भाकरी थापताना मी फोन फळीवर ठेवायची आणि लिनच्या आवाजातलं अठरावं ऐकायची. हे आले की पटकन 'संडास कुठं आहे' लावायची. पंधरा दिवसांत ह्यांना शंका आली. स्वप्नालीला म्हणाले, "तुजी आई दिवसभर एकच वाक्य ऐकतीया. पोटाचं काय हाय का बघ तिच्या."

निघायच्या आधीच्या रविवारी ह्यांनी रंगीत तालीम काढली. गावातल्या मिसळीच्या हॉटेलात जायचं आणि तासभर मराठी बोलायचं नाही. आम्ही सहा जण दोन टेबलं जोडून बसलो. वेटर आला. ह्यांनी उठून "सिन चाओ" म्हटलं. वेटरनं फडकं खांद्यावर टाकलं आणि आमच्याकडे बघत राहिला. पुढचं वाक्य 'जेवायला काय आहे' स्वप्नालीकडे होतं, पण ती फोनवर बाहेर गेली होती. कोरम असूनही सभा अडली. दाजींना वाटलं आता आपली पाळी, त्यांनी खालच्या मानेनं सांगितलं, मी फक्त शाकाहारी जेवतो. जाऊबाईंनी समोर काहीच आलेलं नसताना जेवण फार चविष्ट झालंय म्हणून टाकलं. माझी तीन वाक्यं मिसळ यायच्या आधी म्हणण्यासारखी नव्हती.

वेटरनं आमचे चेहरे एकेक करून बघितले आणि आत ओरडून सांगितलं, "मालक, नेपाळची पार्टी आलीया. तिखट कमी टाका."

हे ऐकल्यावर ह्यांच्यातला कोल्हापूरकर जागा झाला. "ए! कमी कुणाला? कळंब्याचं हाय आमी! तिखट कट येगळा आण!" तालीम तिथंच संपली. पण इतिवृत्तात ह्यांनी लिहिलं की तालीम यशस्वी झाली.

मग गेलो. कोल्हापूरहून बसनं मुंबई, मुंबईहून विमान. तिथल्या विमानतळावर उतरल्यापासून ह्यांनी सिन चाओ म्हणायला सुरुवात केली ती पासपोर्टवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत, आणि एकदा काचेत दिसलेल्या स्वतःलाही. लोक हसून उलट सिन चाओ म्हणायचे. ह्यांची छाती अशी फुगली होती, जसं काही निवडून आलेत.

खरे हाल झाले दाजींचे. त्यांना तीनच वाक्यं येत होती, आणि आलेलं वाक्य वापरल्याशिवाय त्यांना राहवेना. पहिल्या रात्रीच्या जेवणाला हॉटेलातल्या पोरीनं हसून काही विचारलं, आणि दाजींनी खणखणीत आवाजात सांगितलं, मी फक्त शाकाहारी जेवतो. आम्ही कोंबडी खात होतो, आणि दाजींच्या पुढ्यात पनीरसारखा उकडलेला पांढरा चौकोनी तुकडा आणि पालेभाजी. त्यांनी ती भाजी अशी खाल्ली की बघवेना. "उच्चार मातूर परफेक्ट झाला," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला तेच झालं. स्वप्नाली त्यांना म्हणाली, न बोलता नुसतं बोट दाखवा. पण पाठ केलेलं वाक्य वाया घालवायचं त्यांच्या जिवावर आलं.

तिसऱ्या दिवशी लिनचं गाव. काजूच्या बागांमधून रस्ता, लाल माती, बैठं घर, दारात मांडव. इतकं आजऱ्यासारखं, की भावजी गाडीतनं उतरून आधी मातीला हात लावून आले. आम्ही ओळीनं लाल तबकं घेऊन आत गेलो. पान-सुपारीचं तबक माझ्या हातात होतं. लिन लांब लाल झग्यात उभी होती, आणि तिच्या शेजारी तिची आई. बारीक अंगाची बाई, माझ्यापेक्षा दोन बोटं कमी उंच. सगळ्यांकडे बघून हसत होती, पण ते हसू ओठांच्या वर जात नव्हतं. मी ते हसू ओळखलं. अव्वाच्या तोंडावर अगदी तेच होतं.

सिन चाओ झालं. देवघरासमोर उदबत्त्या लावल्या. लिनच्या मामांनी काही सांगितलं, सम्राटनं ते आम्हाला मराठीत सांगितलं. मग ह्यांनी भावजींना खूण केली.

भावजी उठले. नवा फेटा, पिळलेल्या मिशा, सहा फुटांचा देह. ते लिनच्या आईसमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "ची येन ताम..." पूर्ण वाक्य म्हणाले. एक अक्षर चुकले नाहीत. मी मनातल्या मनात बरोबर म्हणत होते, म्हणून सांगते.

बाईंना कळलं नाही. अक्षरं बरोबर होती, पण त्या भाषेत आवाजाच्या चढउतारानं अर्थ बदलतो, हे सम्राटनं नंतर सांगितलं. त्यांनी मान थोडी पुढे केली.

आता, समोरच्याला कळलं नाही की आमच्याकडे एकच उपाय असतो. मोठ्यानं सांगायचं. भावजींनी मोठ्यानं सांगितलं. बाईंनी लिनकडे बघितलं. मग मात्र भावजींच्या आतला कंडक्टर जागा झाला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि भरलेल्या यष्टीच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात तिसऱ्यांदा सांगितलं. पलंगाखालचं कुत्रं बाहेर पळालं. मामांनी हातातला पेला खाली ठेवला. आणि लिनच्या आईनं लिनचं मनगट घट्ट धरलं.

निर्धास्त राहा, म्हणून सांगायला गेलेला माणूस, आणि बाई अशी घाबरली.

सम्राट धावत आला. त्यानं भराभर तिच्या भाषेत समजावलं, काका काय म्हणाले, का म्हणाले. मंडळी हसली, मामा हसले, बाईंनीही मान हलवली आणि भावजींना वाकून नमस्कार केला. भाषांतर झालं. पण मनगट काही त्यांनी सोडलं नाही. भावजी जागेवर येऊन बसले, आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "वैनी, तुमालाच द्याया पायजे हुतं," म्हणाले.

मला अठरावं तोंडपाठ होतं. जिभेवर होतं. पण मी तेच चौथ्यांदा म्हटलं असतं तर त्या बाईनं पोरीला आत नेऊन कडी लावली असती. दोन महिने त्या वाक्यासाठी भांडले, चोरून शिकले, आणि ऐन वेळी ते माझ्या काही कामाचं राहिलं नाही. मला रडू यायला लागलं. रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी सगळ्यांवर चिडून बसून राहिले.

जेवणं सुरू झाली. मधे मोठाली ताटं, प्रत्येकापुढे एकेक वाटी. लाल चिकट भात, उकडलेली कोंबडी, मासळी, पाल्यात गुंडाळलेलं कसलंसं सारण. लिनची आई एका हातानं लिनचं मनगट धरून दुसऱ्या हातातल्या काड्यांनी एकेक घास उचलून पाहुण्यांच्या वाट्यांत घालत होती. माझ्या वाटीत तर खळ पडू देत नव्हती. मी खाल्लं की ती घालायची, घातलं की मी खायची. मला बरं वाटलं, ही बाई आपल्यातलीच आहे. जाऊबाईंनी जेवण फार चविष्ट झालंय हे वाक्य अकरा वेळा म्हटलं. दाजींनी तोंड उघडलं तसा स्वप्नालीनं त्यांचा पाय दाबला, आणि तीन दिवसांनी त्यांच्या वाटीत कोंबडी पडली. ते डोळे मिटून खात राहिले.

माझी चौथी वाटी चालू होती तेव्हा माझं लक्ष गेलं. सगळ्यांच्या वाट्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. लिनच्या आईची वाटी तिच्यापुढे उपडी होती. सुरुवातीपासून उपडीच होती.

मी उठले. तिच्या जागेपाशी गेले, ती वाटी सुलटी केली, त्यात भात वाढला, त्यावर कोंबडीचा बरा तुकडा ठेवला. मला काड्या धरता येत नाहीत, मी सरळ पळीनं वाढलं. बाई दचकली. आणि तिनं वाटीवर हात आडवा धरला.

"तोय नो रोय," ती म्हणाली.

पोट भरलं आता. सहा जणांत ते वाक्य फक्त माझ्या वाट्याला आलं होतं. लिनच्या आवाजात, तिच्या आईच्या आवाजासारख्याच आवाजात, मी ते दोन महिने ऐकलं होतं आणि दोन महिने त्याला शिव्या घातल्या होत्या. कुणी न समजावता मला कळलेलं ते पहिलं व्हिएतनामी वाक्य. आणि ते खोटं आहे, हेही मला त्या घरात सगळ्यांच्या आधी कळलं.

मी तिचा हात हळूच बाजूला सारला. "आवो, घ्या की," म्हटलं, आणि आणखी वाढलं.

"नो रोय, नो रोय." तिचा हात पुन्हा आला.

"घ्या की म्हणतीया न्हवं मी!" मी पुन्हा हात सारला. माझा आवाज काही लहान नाही, पण ह्या वेळी ती घाबरली नाही. तिनं वर माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि हातात पळी होती. कसली दिसत असेन कोण जाणे. मग तिनं लिनच्या मनगटावरचा दुसरा हात सोडला, काड्या उचलल्या, आणि एक घास खाल्ला. मग दुसरा. मग तिच्याही डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि ती खातच राहिली, दिवसभराची उपाशी बाई खाते तशी.

शेजारी बसलेले भावजी कुजबुजले, "वैनी, त्या नको म्हणाल्या वाटतं. पोट भरलं म्हंत्यात काय?"

"भावजी, ते वाक्य माझ्या वाट्याचं हाय. मला कळतंय त्या काय म्हंत्यात ते. तुमी जरा पुढं सरका."

भावजी पुढं सरकले. मी विहीणबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि त्यांचं पोटभर जेवण होईपर्यंत उठले नाही.